दोराबजी टाटांची चित्रं आणि चोंढ्याचं पाणी

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी संशोधनाचा आराखडा घेऊन गाइड मॅडमकडे गेले. चार पानं होती. विषय होता शहापूर तालुक्यातला घाटघर-चोंढे उदंचन जलविद्युत प्रकल्प आणि त्याची कार्यक्षमता. चौथ्या पानावर आकृती होती. वर एक जलाशय, खाली एक जलाशय, मधे बोगदा आणि वीजगृह, आणि या सगळ्याभोवती मी काढलेली तुटक रेघांची चौकट.

मॅडमनी त्या चौकटीवर पेन्सिल टेकवली. ‘ही रेघ इथेच का?’

‘मॅडम, सिस्टिम बाउंडरी आहे ती.’

‘ते दिसतंय. इथेच का?’

मला उत्तर देता आलं नाही. पाठ्यपुस्तकात तशी असते, हे काही उत्तर नव्हे. तुम्ही इंजिनिअरिंग किंवा सायन्समधून संशोधनात येणार असाल तर हा प्रश्न तुम्हालाही कधीतरी विचारला जाणार आहे. गाइड विचारतील, नाहीतर रिव्ह्यूअर विचारेल, आणि सगळ्यात वाईट म्हणजे व्हायवाच्या दिवशी बाहेरून आलेले परीक्षक विचारतील. म्हणून मला उत्तराचा रस्ता कसा सापडला ते सांगते. रस्ता वाकडा आहे. तो मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातून जातो.

आधी चोंढ्याचं तंत्र समजून घेऊ, नाहीतर पुढचं हवेत राहील.

शहापूरहून डोळखांबच्या पुढे गेलात की सह्याद्रीची भिंत समोर उभी राहते. तिच्या पायथ्याला चोंढे, आणि माथ्यावर, अकोले तालुक्यात, घाटघर. दोन्हीकडे धरण आहे. मधे साधारण चारशे मीटरचा उभा फरक. संध्याकाळी राज्याला विजेची जास्त गरज असते तेव्हा वरचं पाणी डोंगराच्या पोटातल्या वीजगृहातून खाली सोडतात. प्रत्येकी १२५ मेगावॅटचे दोन संच, एकूण २५० मेगावॅट. रात्री उशिरा मागणी उतरली की तेच संच उलटे फिरतात आणि पाणी पुन्हा वर चढवतात. उदंचन म्हणजे हेच, उचलून वर टाकणं. वर चढवायला जितकी वीज लागते तितकी परत मिळत नाही, साधारण पाचवा हिस्सा किंवा थोडा जास्त वाटेत जातो. पण नको असलेल्या वेळची वीज हव्या त्या वेळी मिळते. थोडक्यात ही पाण्याची बॅटरी आहे. २००८ मध्ये ती सुरू झाली. इथली धरणं रोलरने दाबलेल्या काँक्रीटची आहेत. हे तंत्र आपल्या देशात तेव्हा नवं होतं.

एक हिशेब स्वतः करून बघा. अकरावीचं सूत्र आहे, वस्तुमान गुणिले गुरुत्व त्वरण गुणिले उंची. हजार लिटर पाणी, म्हणजे हजार किलो, चारशे मीटर खाली आलं की साधारण ३९ लाख ज्यूल. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. म्हणजे हजार लिटरला १.०९ युनिट, आणि यंत्रातलं नुकसान धरलं तर जेमतेम एक. हजार लिटरला एक युनिट, हे लक्षात ठेवायला सोपं आहे.

आता २५० मेगावॅट म्हणजे तासाला अडीच लाख युनिट. त्यासाठी तासाला पंचवीस कोटी लिटर पाणी खाली आलं पाहिजे. आणि उन्हाळ्यात शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर पाण्याचे टँकर जातात, ते दहा हजार लिटरचे धरले तर हे पंचवीस हजार टँकर झाले. तासाला.

हा आकडा मी पहिल्यांदा काढला तेव्हा वहीत त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. माझा अख्खा निबंधच सापडला असं वाटलं. एका बाजूला पंचवीस हजार टँकर घाटातून धावताहेत, दुसऱ्या बाजूला बाया हंडे घेऊन उभ्या. आणि हेच नेमकं चुकीचं आहे. का, ते थोड्या वेळाने. तोवर तुम्हीच शोधून बघा.

त्याच महिन्यात मुंबईला एका कार्यशाळेसाठी गेले होते. दुपारी वेळ होता म्हणून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शिरले. पूर्वीचं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. युरोपियन चित्रांच्या दालनात, आणि चिनी-जपानी वस्तूंच्या दालनातही, पाट्यांवर दोन नावं पुन्हा पुन्हा दिसतात: सर रतन टाटा संग्रह, सर दोराबजी टाटा संग्रह. (हे रतन टाटा म्हणजे जमशेटजींचे धाकटे चिरंजीव, १८७१ ते १९१८. आपल्या काळातले रतन टाटा वेगळे. नावांचा हा घोटाळा संदर्भ शोधताना फार त्रास देतो, सर्च करताना सन टाकत जा.)

दोराबजी म्हटलं की माझ्या डोक्यात तोवर पोलाद होतं. पण माझ्या लिटरेचर रिव्ह्यूमध्ये ते आधीच येऊन बसले होते, खोपोलीच्या जलविद्युत केंद्राच्या निमित्ताने. चित्रांवरच्या पाटीतला आणि माझ्या संदर्भयादीतला माणूस एकच आहे हे तिथे उभी असताना लक्षात आलं.

तर हे दोराबजी कोण? जमशेटजी टाटांचे थोरले चिरंजीव. जन्म १८५९. केंब्रिजला दोन वर्षं काढली, मग मुंबईत सेंट झेवियर्समधून पदवी, आणि काही काळ चक्क ‘बॉम्बे गॅझेट’ या वर्तमानपत्रात बातमीदारी. १९०४ मध्ये जमशेटजी गेले तेव्हा त्यांची तीन मोठी स्वप्नं कागदावरच होती: पोलादाचा कारखाना, विज्ञान संस्था आणि पाण्यापासून वीज. पुढच्या अकरा वर्षांत तिन्ही उभी राहिली. पोलादाची कंपनी १९०७ मध्ये, बंगळूरची संस्था १९०९ मध्ये, आणि ११ फेब्रुवारी १९१५ ला खोपोलीच्या विजेचं उद्घाटन.

इथे एक सावधगिरी. ‘दोराबजींनी खोपोलीला वीज निर्माण केली’ असं वाक्य तुम्हाला शंभर ठिकाणी मिळेल. थीसिसमध्ये लिहू नका. दोराबजी इंजिनिअर नव्हते. घाटमाथ्यावरचा पाऊस अडवून, कोकणात पाडून मुंबईला वीज द्यायची ही कल्पना डेव्हिड गॉस्टलिंग या मुंबईत काम करणाऱ्या वास्तुविशारदाने जमशेटजींपुढे मांडली. धरणं आणि कालव्यांच्या कामात आर. बी. जॉयनर यांचा वाटा, म्हैसूरच्या कावेरी प्रकल्पाचा अनुभव असलेले अमेरिकन एच. पी. गिब्ज पुढे कंपनीत आले. आणि डोक्यावर माती वाहणारे हजारो मजूर, त्यांची नावं कुठेच नाहीत. दोराबजींनी जे केलं ते वेगळं होतं आणि सोपं नव्हतं. लंडनच्या भांडवलावर विसंबून न राहता देशातले संस्थानिक आणि व्यापारी यांचे पैसे उभे केले, १९१० मध्ये कंपनी स्थापली आणि प्रकल्प तडीस नेला. उद्योजक म्हणजे काय ते इथे दिसतं. शोध एकाचा, गणित दुसऱ्याचं, घाम तिसऱ्याचा, आणि जोखीम या माणसाची.

खोपोलीचं तंत्र चोंढ्यापेक्षा साधं. लोणावळा, वळवण, शिरवटा या तलावांत पावसाळ्याचं पाणी साठवायचं, कारण सह्याद्रीत पाऊस चार महिनेच, गिरण्यांना मात्र वीज बारा महिने हवी. ते पाणी नळांतून जवळपास सव्वापाचशे मीटर खाली खोपोलीला आणून पेल्टन चक्रांवर सोडायचं. तिथून सत्तरएक किलोमीटर तारा ओढून परळला. त्याआधी गिरण्या कोळशावर चालत. कोळसा बंगालकडून आगगाडीने नाहीतर जहाजाने यायचा आणि त्याचा धूर गिरणगावात राहायचा. धबधब्याच्या विजेला तेव्हा युरोपात ‘पांढरा कोळसा’ म्हणत. आज आपण ज्याला शाश्वत ऊर्जा म्हणतो त्याची ही आपल्याकडची फार मोठी सुरुवात. शाश्वत हा शब्द त्यांच्या डोक्यात नव्हता हेही ध्यानात ठेवा, आजचा शब्द शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाच्या तोंडी घालायचा नसतो. त्यांना स्वस्त आणि खात्रीची वीज हवी होती.

खोपोलीनंतर १९२२ मध्ये कर्जतजवळ भिवपुरी, १९२७ मध्ये भिरा. ही केंद्रं आजही चालू आहेत. खोपोली ७२, भिवपुरी ७५ आणि भिरा ३०० मेगावॅट. भिऱ्याच्या तीनशेपैकी दीडशे मेगावॅटचा संच चोंढ्यासारखाच पाणी खालीवर करतो. म्हणजे माझ्या चौकटीतल्या यंत्राचं घराणं शोधत गेलं की आपण टाटांच्याच दारात येतो.

आता चित्रांकडे. दोघेही भाऊ हौशी आणि जाणकार संग्राहक होते. रतन टाटांकडे चिनी आणि जपानी वस्तू होत्या, युरोपियन चित्रं होती. पाटलीपुत्राच्या उत्खननाला त्यांनी पैसे दिले. आणि हे वाचून मी खुर्चीतून उठले होते: १९१२ मध्ये त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला देणगी देऊन गरिबीची कारणं शोधणारं एक संशोधन केंद्रच सुरू केलं. त्याचे पहिले संचालक आर. एच. टॉनी, नंतर फार मोठे झालेले इतिहासकार. रतन टाटांच्या मृत्यूनंतर १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांचा संग्रह म्युझियमकडे आला. दोराबजींचा १९३३ मध्ये, तेही त्यांच्या मृत्यूनंतर. तोवर आपली जवळपास सगळी संपत्ती त्यांनी ट्रस्टच्या नावे करून टाकली होती. पत्नी मेहेरबाईंकडे जो ज्युबिली हिरा होता तो कोहिनूरहून मोठा. १९२४ मध्ये पोलाद कंपनी अडचणीत आली तेव्हा दोराबजींनी एक कोटीच्या कर्जासाठी स्वतःची मालमत्ता तारण ठेवली, त्यात हा हिराही होता असं सांगतात.

(जाता जाता. याच म्युझियमकडे १९१५ मध्ये, म्हणजे खोपोली सुरू झाली त्याच वर्षी, शेठ पुरुषोत्तम मावजींचा संग्रह आला, आणि त्यात एकेकाळी नाना फडणवीसांकडे असलेल्या वस्तू होत्या. वस्तूंचा प्रवास असा असतो. मेणवलीहून निघालेली वस्तू काळा घोड्याला पोचते आणि तिच्या मागे कागद असतो.)

हा मागचा कागद महत्त्वाचा. मला म्युझियममध्ये जे कळलं ते हेच. संग्रहातल्या प्रत्येक वस्तूला क्रमांक असतो. ती कुठे बनली, कोणाकडे होती, कोणी दिली, कोणत्या साली आली, याची नोंदवहीत ओळ असते. ही साखळी तुटली की वस्तूची किंमत पडते, कधी कधी ती चोरीची तर नाही ना असा संशयही येतो. संग्राहकाला हे रक्तात भिनलेलं असतं. दोराबजी चित्र घेताना ते कुठून आलं हे विचारत असणारच, कोणताही शहाणा संग्राहक विचारतो.

विजेच्या युनिटला मात्र पाटी नसते. परळच्या केंद्रात आलेली वीज लोणावळ्याच्या पावसाची की बंगालच्या कोळशाची, हे गिरणीतल्या मोटरला कळत नाही. तुमच्या फोनच्या चार्जरलाही कळत नाही. तारेत शिरली की वीज वीज होते, मागचं पुसलं जातं. विजेचा हा गुण आहे, त्यामुळेच ती विकता येते. आणि संशोधकासाठी अडचण नेमकी हीच आहे.

पुसलं काय गेलं ते बघायला मुळशीला जावं लागतं.

भिऱ्याच्या वीजगृहासाठी पाणी हवं म्हणून पुणे जिल्ह्यात मुळा नदीवर मुळशीचं धरण घातलं. खोरं आंबेमोहर भाताचं. गावं पाण्याखाली जाणार, जमिनी १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली घेतल्या जाणार. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पुढे पांडुरंग महादेव बापट त्यात उतरले, आणि ‘सेनापती’ हे बिरूद त्यांना इथेच मिळालं. बापट इंजिनिअरिंग शिकायला शिष्यवृत्तीवर एडिंबरोला गेले होते हे किती जणांना माहीत असतं? या गोष्टीत इंजिनिअरिंगच्या वाटेला गेलेला माणूस धरणाच्या विरुद्ध बाजूला आहे. सत्याग्रह चालला, बापटांना दीर्घ तुरुंगवास झाला, धरण झालं.

यावर वाचायचं तर दोन पुस्तकं. विनायकराव भुस्कुटे स्वतः त्या लढ्यात होते, त्यांचं ‘मुळशी सत्याग्रह’. आणि राजेंद्र व्होरा यांचं इंग्रजी पुस्तक, जे २००९ मध्ये आलं आणि ज्याच्या नावातच या लढ्याला जगातली पहिली धरणविरोधी चळवळ म्हटलं आहे. व्होरांचं पुस्तक मला जास्त उपयोगी पडलं, कारण ते कुणाला सोडत नाहीत. खोऱ्यातल्या बऱ्याच जमिनींची मालकी पुण्याच्या सावकारांकडे होती. त्यांना नुकसानभरपाई चांगली मिळाली तर हवीच होती. कसणाऱ्याचं काय, हा प्रश्न तिथे मागे पडला. म्हणजे ‘कंपनी विरुद्ध शेतकरी’ ही सरळ रेघसुद्धा पुरेशी नाही. फील्डवर जाताना हे मनात ठेवा. गावाचं मत म्हणून पहिल्या दिवशी जे कानावर पडतं ते बहुतेक वेळा ज्याच्या ओट्यावर तुम्ही चहा प्यायलात त्याचं मत असतं.

आता वर्षं शेजारी शेजारी ठेवा. १९२१ ते १९२४, मुळशीचा सत्याग्रह. त्याच सुमाराला रतन टाटांची चित्रं म्युझियमच्या दालनात लागत होती आणि लंडनमध्ये त्यांच्या नावाच्या केंद्रात गरिबीचा अभ्यास चालू होता. मी हे टाटांना ढोंगी ठरवायला सांगत नाही. तसा निष्कर्ष काढणं सोपं आहे आणि संशोधन म्हणून आळशी आहे. त्यांनी उभं केलेलं आजही आपण वापरतो. भिवपुरीतून सुटणारं पाणी उल्हास नदीत जातं आणि बदलापूरपासून कल्याणपर्यंतच्या शहरांना उन्हाळ्यात त्याचा आधार आहे. भिऱ्यातून सुटलेल्या पाण्यावर कुंडलिकेत कोलाडचं राफ्टिंग चालतं, तुमच्यापैकी कोणीतरी इन्स्टावर फोटो टाकलाच असेल. उलट बाजूने बघा: हे पाणी मूळचं पूर्वेला, भीमेच्या खोऱ्यात जाणारं. तिकडच्या दुष्काळी तालुक्यांतून ते परत मागितलं जातं. एकाच धरणाची रेघ कुठे काढता त्यावर ते स्वच्छ विजेचं केंद्र ठरतं, बुडालेलं खोरं ठरतं, बदलापूरची टाकी ठरते किंवा भीमेतून वळवलेलं पाणी ठरतं. चारही खरं आहे.

आता माझ्या पंचवीस हजार टँकरकडे या. चूक सापडली?

चोंढ्याचं पाणी खर्च होत नाही. खाली येतं, वर जातं, पुन्हा खाली येतं. बाष्पीभवन आणि गळती सोडली तर तेच ते पाणी. म्हणून ‘इतक्या टँकरचं पाणी विजेत गेलं’ हे वाक्य खोटं आहे. मी प्रवाह आणि साठा यांची गल्लत केली होती. बँकेत रोज लाख रुपये भरून रोज लाख काढणाऱ्या माणसाकडे महिन्याला तीस लाख आहेत असं म्हणण्यासारखं. आकडा बरोबर, वाक्य चूक. आणि हे वाक्य छापून आलं असतं तर प्रकल्पाच्या बाजूचा कोणीही इंजिनिअर दोन मिनिटांत ते खोडून मोकळा झाला असता, आणि त्याबरोबर पाड्यावरचा खरा प्रश्नही कचऱ्यात गेला असता. ज्यांची बाजू घ्यायची त्यांच्यासाठी तर हिशेब जास्तच कडक हवा.

मग खरा प्रश्न कुठे आहे? शहापूर तालुक्याच्या नकाशावर. तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातंय. मग मोडकसागर आला, भातसा आला. मुंबईच्या बऱ्याचशा नळांचं मूळ या तालुक्यात आणि त्याच्या शेजारात आहे. आणि दर उन्हाळ्यात याच तालुक्यात टँकर. जलवाहिनी गावाजवळून जाते आणि गावात विहीर आटलेली असते, हे शहापूरच्या कोणालाही सांगावं लागत नाही. हे पाणी साठ्यातून कायमचं बाहेर जातं. चोंढ्याची वीज आणि मुंबईचा नळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण पाडा एकच आहे. डोळखांबकडच्या एका पाड्यावर मी प्रश्नावली भरत होते. तिथल्या एका आजींनी मला विचारलं की ताई, तू विजेची का पाण्याची? मी म्हटलं, विजेची. त्या म्हणाल्या, मग आमच्याकडं काय काम, वीज आहे आम्हाला. माझ्या प्रश्नावलीत पाण्याचा एकही प्रश्न नव्हता. चौकटीत पाणी फक्त जलाशयातलं होतं ना.

त्या रात्री परतीच्या एसटीत बसून चौकट पुसली. नवी काढताना एकच नियम ठेवला: प्रकल्पातून निघणाऱ्या प्रत्येक युनिटला, वस्तुसंग्रहालयात असते तशी, मागची ओळ लिहायची. जमीन कोणाची होती आणि कागदावर ती कोणाच्या नावे होती. वनजमीन होती तर तिथे कोण काय गोळा करत होतं. खालचा जलाशय भरल्यावर आसपासच्या विहिरींची पातळी वाढली की घटली. शेवटचा प्रश्न माझ्या मते सगळ्यात भारी आहे, कारण उत्तर दोन्हीकडे जाऊ शकतं, आणि मलाही ते आधी माहीत नव्हतं. उत्तर आधीच माहीत असलेला प्रश्न संशोधनाला घेऊ नका, तीन वर्षं कंटाळा येतो.

यातली माहिती मिळते कुठे, हे तुम्ही विचारणारच. जुन्या प्रकल्पांसाठी पुण्यातलं टाटा सेंट्रल आर्काइव्हज आहे. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार आहे, तिथे महसूल आणि सार्वजनिक बांधकाम खात्याच्या फायली बघा. पण कंपनीचा दप्तरखाना हासुद्धा एक संग्रह आहे हे विसरू नका. काय जपायचं हे कोणीतरी ठरवलेलं असतं. तिथे धरणाच्या भिंतीची उंची इंचापर्यंत मिळेल, भिंत बांधणाऱ्याचं नाव मिळणार नाही. ते हवं असेल तर तलाठ्याकडचे जुने सात-बारा, फेरफार, आणि गावातली म्हातारी माणसं. म्हाताऱ्या माणसांकडे आधी जा, कागद थांबतात.

आणि हा अभ्यास फक्त झालेल्या गोष्टींचा नाही. मुरबाड तालुक्यात काळू धरणाचं प्रकरण अजून मिटलेलं नाही. मुंबई महानगराच्या पाण्यासाठी ते योजलं. वनजमिनीची मंजुरी नसताना काम सुरू झालं म्हणून श्रमिक मुक्ती संघटना न्यायालयात गेली आणि २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने काम थांबवलं. पुढे ते पुन्हा चर्चेत आलं. त्याच तालुक्याच्या टोकाला माळशेजमध्ये उदंचन प्रकल्प बऱ्याच वर्षांपासून योजलेला आहे, वरचा जलाशय जुन्नरकडे, खालचा मुरबाडकडे, क्षमता ७०० मेगावॅट. सौर आणि पवन ऊर्जा वाढते तशी अशा पाण्याच्या बॅटऱ्यांची गरज वाढणार, हे इंजिनिअर म्हणून मला मान्य आहे. दिवसाचं ऊन संध्याकाळी वापरायचं तर ते कुठेतरी ठेवावं लागतं, आणि चारशे-सहाशे मीटरची सरळ भिंत निसर्गाने सह्याद्रीलाच दिली आहे. मुळशीच्या वेळी विहिरी, भातखाचरं, देवराया यांची नोंद कोणी आधी करून ठेवली नव्हती. बुडाल्यावर आठवणींतून लिहावं लागलं. माळशेजच्या खाली अजून सगळं जागेवर आहे.

म्हणून सध्या मी मुरबाडला आहे. टोकावड्याच्या पुढच्या गावांतल्या विहिरी मोजते. उपकरण म्हणजे खूण केलेली दोरी आणि तिला बांधलेला लोखंडी तुकडा, शिवाय जीपीएससाठी फोन. प्रत्येक विहिरीला क्रमांक दिलाय आणि त्यापुढे लिहिते: कोणी खोदली, कोणत्या साली, कोणत्या महिन्यात आटते, त्यानंतर पाणी कुठून आणतात. काल एकेचाळीस झाल्या. बेचाळिसावीला कठडा नाही, तिथे सकाळी कोणाला तरी बरोबर घेऊन जाणार आहे.